पहिल्या आठवड्यातला तो तक्ता पाठ करू नका: आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र कसं शिकावं?

अक्षवृत्त (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पदव्युत्तरचा प्रबंध जमा केला. सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते. दोन वर्षांपूर्वी हा विषय म्हणजे नेमकं काय हे मला कुणी मराठीत समजावलं असतं, तर माझं पहिलं सत्र वाया गेलं नसतं.

१९७० साली सुझन स्ट्रेंज या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला. तक्रार अशी की अर्थशास्त्रवाले बाजाराचा अभ्यास करताना सत्ता विसरतात, आंतरराष्ट्रीय संबंधवाले युद्ध आणि तह शिकवताना पैसा विसरतात, आणि दोघे एकमेकांचं वाचत नाहीत. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७१ ला, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. हा निर्णय अर्थशास्त्राचा की राजकारणाचा, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. त्या फटीत हा विषय उभा आहे.

आता माझी चूक. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक तक्ता आला: उदारमतवाद, व्यापारवाद, मार्क्सवाद. प्रत्येकासमोर रकाने. मुख्य घटक कोण, राज्यसंस्थेची भूमिका काय, व्यापाराने सगळ्यांचं भलं होतं की एकाच्या नफ्यात दुसऱ्याचं नुकसान. तो मी तोंडपाठ केला आणि पुढचे तीन महिने प्रत्येक प्रश्नाला त्यातला एक रकाना काढून दिला.

मग एका सेमिनारमध्ये आमच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांची योजना का मागे पडली? (जुलै १९४४, ४४ देश, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक इथेच ठरल्या.) केन्स यांचं म्हणणं होतं की व्यापारात तूट असलेल्या देशाने जसं स्वतःला आवळून घ्यावं, तसंच सतत शिल्लक साठवणाऱ्या देशालाही भुर्दंड बसावा. असंतुलन दोघे मिळून तयार करतात, तर ते निस्तरायचं एकट्या कर्जदारानेच का? मी उत्तर दिलं, "उदारमतवादी दृष्टिकोनातून पाहता..." बाईंनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "दृष्टिकोन राहू दे. १९४४ मध्ये शिल्लक कुणाकडे होती?"

अमेरिकेकडे. भुर्दंड तिलाच बसला असता. केन्स ज्या ब्रिटनतर्फे बोलत होते ते युद्धात कर्जबाजारी झालं होतं. अमेरिकेचे प्रतिनिधी हॅरी डेक्स्टर व्हाइट नाही म्हणाले आणि विषय संपला. 'दुर्मिळ चलना'चं एक कलम तेवढं नाणेनिधीच्या करारात आलं, ज्याच्या आधारे शिल्लकवाल्या देशाविरुद्ध इतरांना निर्बंध घालता आले असते. ते आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही.

पण खरा धक्का पुढे होता. बाईंनी लगेच १९७१ काढलं. आता डॉलरवर दबाव होता, शिल्लक पश्चिम जर्मनी आणि जपानकडे होती. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आयातीवर १० टक्के अधिभार लावला आणि म्हणाली, शिल्लकवाल्यांनी आपली चलनं महाग करावीत. डिसेंबरमध्ये येन डॉलरमागे ३६० वरून ३०८ वर आला, म्हणजे महाग झाला. म्हणजे १९४४ मध्ये केन्स यांचं जे म्हणणं धुडकावलं, त्याच्या फार जवळचं म्हणणं सत्तावीस वर्षांनी तोच देश मांडत होता. तक्त्यातला कुठलाच रकाना हे सांगत नाही. त्यात देशाला एक स्वभाव दिलेला असतो. इथे तर जागा बदलली आणि म्हणणं बदललं.

त्या दिवसापासून मी उलटं वाचायला लागले. आधी एक निर्णय घ्यायचा. तो कुणी घेतला, कुणाला नाही म्हणता आलं असतं, खर्च कुणाच्या माथी आला, हे शोधायचं. सिद्धांत त्यानंतर. माझ्या मते हा विषय असाच शिकवायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

पानगळ

छान लिहिलंय ताई, वाचनखूण साठवली. मी अर्थशास्त्रात पदवी केली आहे आणि याच विषयाला अर्ज करतोय. दोन शंका. राज्यशास्त्रातून आलेल्यांच्या बरोबरीने मला वाचता येईल का? त्यांच्या चर्चा ऐकल्या की मला एकही नाव ओळखीचं वाटत नाही. आणि गणित किती लागतं?

नांगर

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

निर्णय धरून वाचा म्हणता, पण न घेतलेला निर्णय कसा धरणार? १९३० च्या दशकातली मंदी घ्या. जून १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने आयात शुल्क चढवलं. मे १९३१ मध्ये व्हिएन्नातली क्रेडिटान्श्टाल्ट बँक कोसळली, सप्टेंबरमध्ये ब्रिटनने सुवर्णमान (चलनाची सोन्याशी बांधणी) सोडलं. एवढ्या घटना तुमच्या पद्धतीने तपासता येतील. पण अर्थइतिहासकार चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९७३ मध्ये जे दाखवलं ते या घटनांच्या यादीत कुठेच नाही. ते म्हणाले, मंदी इतकी खोल आणि लांब गेली कारण संकटात आपली बाजारपेठ उघडी ठेवणारा आणि अडलेल्याला शेवटचं कर्ज देणारा कुणी नव्हता. ब्रिटनची ताकद उरली नव्हती, अमेरिकेची तयारी नव्हती.

जे घडलं नाही ते दिसायला काय घडायला हवं होतं याची कल्पना आधी डोक्यात असावी लागते. तिलाच आपण सिद्धांत म्हणतो. तो नसेल तर विद्यार्थी वर्तमानपत्र वाचल्यासारखा इतिहास वाचतो आणि प्रत्येक वेळी त्याला मोठ्या देशाची दांडगाई तेवढी दिसते. तुमच्या 'नाही कुणाला म्हणता आलं असतं' या प्रश्नातही सत्तेचा एक सिद्धांत दडलेला आहे. तो कुठला, हे स्वतःला विचारून पाहा.

तक्त्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. रॉबर्ट गिल्पिन यांनी त्या तीन विचारधारा मांडल्या, तेव्हा त्यांचं पुस्तक वाद घालण्यासाठी होतं. आम्ही शिक्षकांनी त्याचे रकाने केले. रकाने तपासायला सोपे असतात, म्हणून ते टिकले. हा दोष आमच्याकडे येतो.

अक्षवृत्त

सर, किंडलबर्गरचं उदाहरण मान्य. माझ्या मांडणीत ती उणीव आहे. पण क्रमाचा मुद्दा मी सोडत नाही. किंडलबर्गर स्वतः आधी त्या दशकात खोल शिरले, युद्धानंतर युरोपला सावरणाऱ्या अमेरिकी मदतीच्या, म्हणजे मार्शल योजनेच्या, कामातही होते, आणि मग सिद्धांतापर्यंत आले. आम्हाला तो सिद्धांत 'वर्चस्ववादी स्थैर्य' या नावाने तयार मिळतो आणि १९३१ मध्ये काय झालं हे तळटीपेत. मला तळटीप आधी हवी होती.

शेवटच्या प्रश्नावर विचार करते. मला वाटतं मी नकळत स्ट्रेंजबाईंचीच रचनात्मक सत्ता वापरत होते: दुसऱ्याला हुकूम देण्यापेक्षा, सगळे ज्या चौकटीत खेळतात ती चौकट ठरवण्याची ताकद. सुरक्षा, उत्पादन, पतपुरवठा आणि ज्ञान, या चार जागी ती असते असं त्यांनी १९८८ मध्ये लिहिलं.

शून्यापुढे

पानगळ, तुमच्या गणिताच्या शंकेला उत्तर देतो, कारण या बाबतीत पसरलेली भीती आणि पसरलेला निष्काळजीपणा दोन्ही चुकीचे आहेत.

कलनशास्त्र तुम्ही पदवीला केलंय तेवढं पुरतं. संख्याशास्त्र मात्र नीट हवं. रिग्रेशनचा (आकड्यांमधला संबंध मोजण्याच्या पद्धतीचा) तक्ता वाचून 'या लेखकाने कशाची तुलना कशाशी केली आणि काय वगळलं' हे सांगता आलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचा व्यवहारतोल, म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी झालेल्या देवाणघेवाणीचा हिशेब. चालू खातं, भांडवली खातं, एकीकडे तूट असेल तर दुसरीकडून पैसा आलाच पाहिजे, हे हिशेब हाताने मांडता येत नसतील तर या विषयातली निम्मी भांडणं समजणारच नाहीत. राज्यशास्त्रातून आलेले माझे बरेच सोबती इथे अडखळले. तुम्ही अडखळणार नाही.

आता मूळ चर्चेबद्दल. संख्या वापरणारे लोक राजकारण सपाट करतात असा आरोप नेहमी होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. एक उदाहरण देतो. मुक्त व्यापाराने कुणाचं नुकसान होतं? स्टोल्पर आणि सॅम्युएलसन यांचं १९४१ चं उत्तर असं की देशात उत्पादनाचा जो घटक दुर्मिळ आहे, त्याचं. श्रीमंत देशात भांडवल मुबलक आणि श्रम दुर्मिळ, म्हणून तिथे कामगार एका बाजूला आणि भांडवलदार दुसऱ्या बाजूला. दुसरं प्रारूप म्हणतं, थांबा, पोलाद कारखान्यातला कामगार उद्या संगणक कंपनीत जाऊ शकत नाही, आणि ती भट्टीही दुसरीकडे हलत नाही. मग पोलादाचा मालक आणि पोलादाचा कामगार दोघे मिळून संरक्षण मागतील. म्हणजे भांडण वर्गावर्गांत होणार की उद्योगाउद्योगांत, याबद्दल दोन सिद्धांत दोन वेगळी भाकितं करतात, आणि ती तपासता येतात. स्टीफन मॅगी यांनी अमेरिकेच्या १९७३ च्या व्यापार विधेयकावर कोण कुठल्या बाजूने बोललं ते मोजलं. बहुतेक उद्योगांत मालक आणि कामगार संघटना एकाच बाजूला निघाल्या.

हे राजकारणच आहे. फक्त अंदाजाने बोलण्याऐवजी मोजून बोललं आहे.

पानगळ

खूप आभार! दोन भाकितांचं उदाहरण आमच्या पदवीच्या पुस्तकात होतं, पण 'मग मतदान कोण कसं करेल' हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. प्रमेय सिद्ध केलं की पान उलटलं.

काठावरची

सगळी चर्चा वाचली. एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. आतापर्यंत आलेली सगळी नावं अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरची आहेत. विद्यापीठांतल्या वाचनयाद्याही अशाच असतात. अमेरिकी पद्धत आकडेमोडीची आणि ब्रिटिश पद्धत इतिहासाची, यावर दोन आठवडे चर्चा होते, जणू तिसरा किनाराच नाही.

दादाभाई नौरोजींचा निचऱ्याचा सिद्धांत या विषयाच्या पहिल्या महिन्यात यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्यामागे कुठलाही अभिमान नाही, पद्धतीचं कारण आहे. त्यांच्यासमोर वसाहतीच्या व्यापाराचे आकडे होते. वर्षानुवर्षं निर्यात आयातीपेक्षा जास्त. क्रमिक पुस्तकाप्रमाणे हे चांगलं लक्षण. नौरोजींनी विचारलं, या जास्तीच्या निर्यातीचा मोबदला आला कुठे? तो प्रशासनाचा, निवृत्तिवेतनाचा आणि कर्जाच्या व्याजाचा खर्च म्हणून साम्राज्याच्या राजधानीतच राहत होता. आकडा तोच, पण त्यामागचा सत्तासंबंध मांडल्यावर शिल्लक म्हणजे संपत्तीची गळती ठरली. शून्यापुढे म्हणतात तसा व्यवहारतोल हाताने मांडायला शिका, आणि मग तो असा वाचायलाही शिका. आपल्या १९०१ च्या ग्रंथाच्या कितीतरी आधीपासून नौरोजी हे मांडत होते.

न्यायमूर्ती रानडे यांचं १८९२ चं व्याख्यानही असंच. इंग्लंडच्या अनुभवावरून काढलेले नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा जर्मनीतल्या फ्रीडरिश लिस्ट यांच्याशी जुळतो. मग १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश लॅटिन अमेरिकेतून म्हणाले की कच्चा माल विकणाऱ्यांना तेवढ्याच यंत्रांसाठी हळूहळू जास्त माल द्यावा लागतो. तेच प्रेबिश १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचे पहिले महासचिव झाले. म्हणजे हा विचार ग्रंथालयात पडून राहिला नाही, त्याने संस्था उभी केली.

नांगर

काठावरची, पूर्ण सहमत. मी गेली काही वर्षं नौरोजी शिकवतो. अडचण एकच येते: विद्यार्थी त्यांना 'वसाहतविरोधी विचारवंत' या खणात घालतात आणि त्यांचे हिशेब वाचतच नाहीत. हिशेब वाचायला लावले की वर्ग शांत होतो.

हिरवी शाई

नवीन आहे, चूकभूल माफ करा. मला पुढच्या सत्रात प्रबंधाचा विषय द्यायचा आहे. 'डॉलरचं वर्चस्व आणि आर्थिक निर्बंध' असा विचार आहे. मार्गदर्शक म्हणाले खूप मोठा आहे, पण लहान कसा करायचा ते सांगितलं नाही. आणि नोकरीचं काय, हेही कुणी सांगाल का?

शून्यापुढे

नोकरीचं थोडक्यात: मध्यवर्ती बँका, व्यापार मंत्रालयं, पतमानांकन संस्था, संशोधन संस्था, आर्थिक पत्रकारिता, मोठ्या कंपन्यांचे जोखीम विभाग. पदवीच्या नावावर कुणी घेत नाही. आकडे वाचून दोन पानी स्वच्छ टिपण लिहिता येतं का, हे बघतात.

विषय लहान करण्यासाठी एक युक्ती. ज्या ठिकाणी एखाद्या देशाला हव्या असलेल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागली, ती जागा शोधा. स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतःचा व्याजदर, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. २ जुलै १९९७ ला थायलंडने स्थिर दर सोडला. सप्टेंबर १९९८ मध्ये मलेशियाने दर डॉलरला ३.८० रिंगिट असा बांधला आणि भांडवलाची ये-जा रोखली. समीकरण दोघांसमोर तेच होतं. कुठला कोपरा सोडायचा ते समीकरण सांगत नाही. ते देशातलं राजकारण ठरवतं, आणि तिथे तुमचा प्रबंध असू शकतो.

अक्षवृत्त

हिरवी शाई, माफी कसली, हाच प्रश्न मला दीड वर्षापूर्वी पडला होता. शून्यापुढेंची युक्ती उत्तम. तुमच्याच विषयातली एक जागा सुचवते, मी तिच्याभोवती बरेच दिवस घुटमळले होते.

स्विफ्ट ही बँकांमधले संदेश वाहून नेणारी सहकारी संस्था. १९७३ मध्ये स्थापन झाली, बेल्जियमच्या कायद्याखाली चालते, मालक सदस्य बँकाच. मार्च २०१२ मध्ये तिने निर्बंधांखालच्या इराणी बँकांची जोडणी तोडली. तेव्हा युरोपीय संघाचाच तसा आदेश होता, म्हणजे कायद्याने भागच होतं. २०१५ च्या अणुकरारानंतर, २०१६ मध्ये, जोडणी परत आली. मग २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि तिने इराणवर पुन्हा निर्बंध लादले. युरोपीय संघ मात्र करारात राहिला. त्याने ऑगस्टमध्ये आपला जुना प्रतिबंधक कायदा अद्ययावत केला, ज्याने युरोपीय कंपन्यांना ते अमेरिकी निर्बंध पाळण्यास मनाई होती. आणि तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये स्विफ्टने काही इराणी बँकांची जोडणी स्थगित केली.

संस्था तीच आणि तिचा देशही तोच. एकदा घरचा कायदाच जोडणी तोडा म्हणत होता, दुसऱ्यांदा घरचं सरकार तोडू नका म्हणत होतं, आणि दोन्ही वेळा जोडणी तुटली. का? 'डॉलरचं वर्चस्व' एवढं म्हणून चालणार नाही, कारण त्याने दोन वेळांमधला फरक समजत नाही. निर्बंधाचा धाक संस्थेला होता, तिच्या संचालक मंडळातल्या लोकांना होता, की सदस्य बँकांना आपल्या डॉलर खात्यांची काळजी होती? यातलं कुठलं उत्तर खरं, यावर सत्ता कुठे बसली आहे ते ठरतं. आणि बरीचशी कागदपत्रं खुली आहेत.

नांगर

चांगला प्रश्न आहे. एक सूचना. कागदपत्रं वाचताना आधी तारखा लावा, मग शब्द तपासा. ब्रेटन वुड्सच्या परिषदेतल्या चर्चांची शब्दशः नोंद तब्बल २०१२ मध्ये छापून आली. त्याआधी कित्येक वर्षं लोक आठवणींवर आणि अंतिम मसुद्यावर विसंबून लिहीत होते. तुमच्याकडे निवेदनं पहिल्या दिवसापासून आहेत, त्याचा फायदा घ्या. आणि एक सिद्धांत हाताशी ठेवा. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये जाळ्यांच्या मोक्याच्या गाठींवर ताबा असणाऱ्यांची सत्ता मांडली आहे. त्याला जुळवून घेऊ नका, त्याच्याशी वाद घाला. मोक्याची गाठ युरोपात असताना ताबा अमेरिकेचा कसा, हा तुमचा वाद.

पानगळ

म्हणजे शेवटी सिद्धांत आणि घटना दोन्ही एकाच टेबलावर आले!

अक्षवृत्त

आले, आणि सरांचं म्हणणं मी निम्मं मान्य केलं. उरलेलं निम्मं पुढच्या धाग्यात भांडू.

हिरवी शाई

काल रात्री स्विफ्टची दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचली. २०१२ च्या निवेदनात युरोपीय संघाच्या निर्णयाचा सरळ उल्लेख आहे. २०१८ च्या निवेदनात जागतिक वित्तव्यवस्थेचं स्थैर्य आणि सचोटी यांसाठी हे पाऊल उचललं असं म्हटलंय, ते खेदजनक असल्याचंही म्हटलंय, पण अमेरिकी निर्बंधांचा उल्लेख कुठेच नाही. तीनदा वाचलं. नाहीच आहे.

नांगर

पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करा. मार्गदर्शकांना दाखवताना दोन्ही निवेदनं एकाच पानावर छापून न्या.